टाकी लागली की देवपण जातं

आमच्या बायबल वर्गात दर दोन-तीन वर्षांनी निवासमंडपाचा विषय निघतो, म्हणजे मोशेच्या वेळी इस्राएल लोकांनी रानात उपासनेसाठी जो तंबू उभारला त्याचा, आणि दर वेळी तोच रंगीत चार्ट भिंतीवर लागतो. सोनं म्हणजे देवत्व, चांदी म्हणजे मुक्ती, पितळ म्हणजे न्याय, बाभूळ म्हणजे मानवी देह, निळा म्हणजे स्वर्ग, जांभळा म्हणजे राजेपण, किरमिजी म्हणजे रक्त. यंदा एक तरुण मुलगा उभा राहिला, सिव्हिल इंजिनीअर आहे, आणि म्हणाला की हे सगळं मागाहून चिकटवलेलं आहे, सीनायच्या रानात कामाचं दुसरं लाकूडच नव्हतं म्हणून बाभूळ, वेदीवर जाळ करायचा म्हणून पितळ, आणि सोनं काय सगळ्याच देवळांत असतं. झालं, एका बाजूने तुमची श्रद्धा कच्ची आहे आणि दुसऱ्या बाजूने तुम्ही अंधश्रद्धाळू आहात, दीड तास हेच. त्या दीड तासात बायबलमधलं निर्गमचं पुस्तक सगळ्यांच्या मांडीवर होतं पण या वस्तू दिल्या कुणी, घडवल्या कुणी, बसवल्या कुठे हे कुणी वाचून दाखवलं नाही. मला राहवत नाही म्हणून हे लिहितोय.

माझं म्हणणं असं. प्राचीन इस्राएलच्या उपासनेत लाकूड, दगड, धातू यांना अर्थ होता आणि चांगला खोल होता. पण शब्दकोशात जसा शब्दासमोर अर्थ छापलेला असतो तसा तो वस्तूवर छापलेला नव्हता. वस्तू कुणाच्या घरातून आली, आपखुशीने दिली की काढून घेतली, तिच्यावर कुठलं हत्यार चाललं आणि शेवटी ती कुठल्या जागी बसली, यातून तो अर्थ तयार व्हायचा. चार्टवाले हा सगळा प्रवास पुसून टाकतात आणि प्रॅक्टिकलवाले तो बघायलाच तयार नसतात, त्यामुळे भांडण कितीही जोरात झालं तरी दोघंही एकाच रिकाम्या जागी उभे असतात असं मला वाटतं.

सोन्याचंच घ्या. निर्गमच्या ३२व्या अध्यायात लोक बायकापोरांच्या कानांतली सोन्याची कुंडलं काढून मोशेचा भाऊ अहरोन याच्याकडे देतात आणि त्याचं वासरू ओतलं जातं. तीन अध्याय पुढे तेच लोक कानातली, अंगठ्या, दागिने घेऊन निवासमंडपासाठी रांग लावतात. त्याच घरांतलं, त्याच अंगांवरचं सोनं. मग सोनं म्हणजे देवत्व हे वाक्य कुठल्या अध्यायाला लावायचं? आणि प्रायश्चित्ताच्या दिवशी, वर्षातून एकदाच, महायाजक सगळ्यात आतल्या परमपवित्र जागेत जायचा तेव्हा सोन्याची वस्त्रं बाहेर काढून ठेवून साध्या पांढऱ्या तागाच्या कपड्यांत जायचा, हे लेवीयच्या १६व्या अध्यायात स्पष्ट आहे. ताल्मुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्याचं कारण फार सुंदर दिलंय, की ज्याने फिर्याद केली तो बचावाला उभा राहू शकत नाही. वासराच्या वेळी ज्या सोन्याने लोकांविरुद्ध साक्ष दिली तेच सोनं अंगावर घालून त्यांच्यासाठी क्षमा कशी मागणार? म्हणजे त्यांच्या लेखी सोन्याला आठवण होती. त्या आतल्या जागेत आज्ञांच्या पाट्यांची पेटी असायची, तिला कोश म्हणतात; त्या कोशाच्या आतबाहेर मढवलेलं तेच सोनं पवित्र, आणि त्याच कोशासमोर जाताना अंगावर नको.

आता चार्टवाल्यांची जी खरी बळकट बाजू आहे ती मान्य करायला हवी, कारण ती वर्गात कुणी मांडलीच नाही. प्रतीकं शोधणं हे काही परवाच्या प्रचारकांनी काढलेलं खूळ नाही. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार योसेफस लिहितो की पडद्यातलं तागाचं सूत म्हणजे पृथ्वी, जांभळा म्हणजे समुद्र, निळा म्हणजे हवा, किरमिजी म्हणजे अग्नी. त्याच्या आधी अलेक्झांड्रियाचा ज्यू विचारवंत फिलो याच वाटेने गेला होता, आणि नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र तर सगळ्या मंडपालाच स्वर्गीय गोष्टींची छाया म्हणतं. पण योसेफस कारण काय देतो ते बघा. ताग जमिनीतून उगवतो म्हणून तो पृथ्वी, जांभळा रंग समुद्रातल्या शिंपल्याच्या रक्तातून निघतो म्हणून तो समुद्र. तोसुद्धा वस्तू आली कुठून हेच आधी विचारतो. आणि त्याच्याकडे किरमिजी म्हणजे आग, आपल्या चार्टवर किरमिजी म्हणजे रक्त. दोन यादीवाल्यांचं आपसात जुळत नसेल तर त्यातली एक यादी देवाने दिलेली आहे असं कुणी कुठल्या आधारावर म्हणायचं?

रंगांबद्दल अजून थोडं, कारण यात मला स्वतःला फार गोडी आहे. निळा तेखेलेत आणि जांभळा अर्गमान हे दोन वेगळे रंग म्हणून चार्टवर दोन वेगळ्या चौकोनांत असतात, एक स्वर्ग, एक राजेपण. पण भूमध्य समुद्रातली एक जातीची शंखातली गोगलगाय आहे, तिच्या ग्रंथीच्या स्रावातून हे दोन्ही रंग निघतात. तो रंग कढवताना भांड्यातल्या द्रावणावर ऊन पडू दिलं तर लोकर निळी होते, ऊन अडवलं तर जांभळी. १९८०च्या दशकात हे प्रयोगात दिसून आलं. आणि त्या निळ्या रंगाचा रेणू म्हणजे आपली नीळच, झाडापासून निघते ती इंडिगो, फरक काहीच नाही. त्यामुळे जुन्या काळी ज्यू लोकांच्या कपड्यांना पवित्र निळ्या दोऱ्याचे जे गोंडे असत, त्यांना झाडाची स्वस्त नीळ लावून ती समुद्राची म्हणून खपवणारे लोक होते. ताल्मुद त्यांना बजावतं की मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, प्रत्येक घरातला पहिला जन्मलेला कोण हे ज्याने ओळखलं तो ही फसवणूकही ओळखेल. डोळ्याला फरक दिसत नाही, रसायनाला दिसत नाही, तरी एक दोरा पवित्र आणि दुसरा लबाडी. रंगाचा अर्थ रंगातच असता तर हा फरक उरला असता का?

चांदीबाबत मात्र चार्ट बरोबर आहे, ते मी मोकळेपणाने मान्य करतो. निर्गमच्या ३०व्या अध्यायात मोजणी झालेल्या प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल चांदी आपल्या जिवाची खंडणी म्हणून द्यायची असं लिहिलंय, तेव्हा चांदी आणि मुक्ती हे नातं मजकुरातलंच आहे. पण चार्टवर येताना त्यातलं एक वाक्य गळून पडतं, श्रीमंताने अर्ध्या शेकेलपेक्षा जास्त द्यायचं नाही आणि गरिबाने कमी द्यायचं नाही. मग ३८व्या अध्यायात हिशेब येतो आणि तो हिशेब मी एकदा वही घेऊन स्वतः करून बघितला. पुरुष ६,०३,५५०. अर्ध्या शेकेलप्रमाणे चांदी ३,०१,७७५ शेकेल. ३,००० शेकेलचा एक किक्कार, म्हणजे १०० किक्कार आणि वर १,७७५ शेकेल. त्या १०० किक्कारांच्या १०० बैठका ओतल्या, एकेक किक्कार वजनाची एकेक, आणि त्यावर मंडपाच्या फळ्या आणि आतल्या पडद्याचे खांब उभे राहिले. उरलेल्या १,७७५ शेकेलच्या आकड्या झाल्या. आपल्याकडे जुन्या वाड्यात लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असतो बघा, तो नसला तर खांब मातीतच कुजतो, त्या जागी ही चांदी. सोनं लोकांनी ऐपतीप्रमाणे दिलं, कुणी जास्त कुणी कमी, आणि ते वर मढवलं गेलं जिथे डोळ्याला दिसतं. समसमान दिलेली चांदी मात्र सगळ्यात खाली गेली. अख्ख्या वास्तूचं वजन तिच्यावर. नुसतं मुक्ती लिहून हे सगळं एका शब्दात झाकून टाकायचं हे माझ्या मनाला पटत नाही.

आता त्या इंजिनीअर मुलाकडे येतो, कारण त्याचा मुद्दा हलका नाही. बाभूळ तिथे होती म्हणून वापरली हे खरंच आहे. पितळ म्हणजे हिब्रूत नेहोशेत, आणि तो शब्द तांब्यालाही चालतो आणि कांशालाही, आपण ज्याला आज पितळ म्हणतो ते जस्ताचं मिश्रण बहुतेक ते नव्हेच, तेव्हा पितळ म्हणजे न्याय वगैरे बोलताना जरा जपून. लाकडावर सोनं मढवण्याची पद्धतही मिसरमध्ये होतीच, १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात एकात एक बसवलेली सोन्याने मढवलेली लाकडी देवघरं होती. इस्राएलच्या दक्षिणेतल्या तिम्नाच्या तांब्याच्या खाणींजवळ एका छोट्या देवळावर कापडाचा मंडप घातल्याच्या खुणा आणि तोंडाला सोनं लावलेला तांब्याचा साप मिळालाय. वरून, बऱ्याच अभ्यासकांच्या मते निवासमंडपाचं हे बारीक वर्णन याजकांनी फार उशिरा, लोकांना कैद करून बाबेलला नेलं त्या बंदिवासाच्या आसपास लिहून काढलं. हे सगळं मान्य करूया. पण यातून अर्थ नव्हता हे कसं सिद्ध होतं? इ.स.पू. ५८६ मध्ये ज्यांचं गंधसरूचं, म्हणजे देवदाराच्या जातीच्या लाकडाचं, आणि सोन्याचं यरुशलेममधलं मंदिर जळून गेलं त्यांनी, किंवा त्यांच्या बापजाद्यांनी, देवाचं पहिलं घर कसं होतं हे सांगताना रानातल्या बाभळीचं आणि लोकांच्या देणगीचं चित्र काढलं असेल, तर ते शब्द आणखीच तोलूनमापून निवडले असणार ना.

आणि बाभूळ म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मराठी बायबलमध्ये कोशाचं लाकूड बाभळीचं आहे असं मी लहानपणी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते खरंच वाटेना. आमच्या आजोबांच्या बैलगाडीच्या चाकाचे आरे बाभळीचे होते, नांगर बाभळीचा, कुंपणाला बाभळीचे काटे, लहानपणी डिंक आम्ही तिचाच खरवडून खायचो. देव्हारा मात्र सागवानी. बाभूळ वाकडी वाढते, गाठी असतात, वाळली की सुताराची पटाशी बोथट करते, लांब सरळ फळी मिळणं मुश्कील. सीनायमधली बाभूळ आपल्याकडच्या बाभळीची जातभाई आहे, स्वभाव तोच. अशा लाकडाची अडीच हात लांब, दीड हात रुंद पेटी, तिच्यात आज्ञांच्या पाट्या. जवळ होतं ते वापरलं हे कारण झालं. पण जवळच्या, रोजच्या, काट्याच्या झाडाला देवाच्या सगळ्यात आतल्या खोलीत जागा मिळते ही गोष्ट त्या कारणाने पुसली जाते का? उलट मला तर वाटतं की हाच अर्थ आहे.

प्रॅक्टिकलवाल्यांचं लॉजिक जिथे पूर्ण अडतं ती जागा म्हणजे वेदी. निर्गमच्या २०व्या अध्यायात नियम आहे की वेदी मातीची करा, दगडाची केलीत तर घडीव दगड लावू नका, तुमचं हत्यार दगडाला लागलं की तो भ्रष्ट झाला. आपल्याकडे म्हण आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. इथे बरोबर उलटं, टाकी लागली की देवपण जातं. कुठल्याही गवंड्याला विचारा, अनघड दगडांची चौकोनी वेदी रचणं जास्त कटकटीचं असतं, घडलेले दगड पटापट बसतात. सोय हेच कारण असतं तर हा नियम निघालाच नसता. आणि लोकांना सोय हवी होती हेही जमिनीतून निघालंय. इस्राएलमधल्या बैर-शेबा इथे उत्खनन करणारे योहानान अहरोनी यांना १९७३ मध्ये एका कोठाराच्या भिंतीत वेदीचे दगड सापडले, चारी कोपऱ्यांना शिंगं असलेली वेदी, मोडून भिंतीत चिणलेली, आणि ते दगड सगळे व्यवस्थित घडीव, एकावर तर साप कोरलेला. तिकडे अरादच्या किल्ल्यातली वेदी मात्र अनघड दगड आणि मातीची. म्हणजे दोन्ही चालत होतं, आणि वेदीला टाकी लावायची का हा त्या काळी खराच वादाचा प्रश्न असणार. नियम कशासाठी होता? ताल्मुदचा जुना गाभा असलेल्या मिश्नाने सांगितलंय. लोखंड माणसाचं आयुष्य तोडण्यासाठी बनलं आणि वेदी आयुष्य वाढवण्यासाठी, जे तोडतं ते जे वाढवतं त्याच्यावर उगारणं बरं नाही. निर्गममध्ये हत्याराला जो शब्द आहे तोही तलवारीचाच, हेरेव. दगड तोच, खाणही तीच असू शकते. त्याच्यावर तलवार चालली की नाही एवढाच प्रश्न.

यावर कुणी म्हणेल, आणि म्हणावंच, की मग शलमोन राजाने यरुशलेमला बांधलेल्या मंदिराचं काय, ते तर सगळं घडीव दगडांचं आणि लबानोनच्या गंधसरूचं, सोन्याने मढवलेलं, आणि बायबल त्याचं कौतुकच करतं. खरं आहे. दगड खाणीतच घडून आणले, बांधकामाच्या जागी हातोड्याचा किंवा लोखंडाच्या हत्याराचा आवाज आला नाही असं १ राजे ६व्या अध्यायात आहे, आणि तो वेदीच्या नियमाचा मान राखण्याचा प्रयत्न असेल असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण आवाज मंदिराजवळ आला नाही, खाणीत तर आलाच ना. एकच अध्याय मागे जा. सर्व इस्राएलातून ३०,००० माणसं वेठीला धरलेली, दहा-दहा हजारांच्या पाळीने एक महिना लबानोनात आणि दोन महिने घरी. शिवाय ७०,००० ओझी वाहणारे आणि ८०,००० डोंगरात दगड फोडणारे. सोरच्या राजा हीरामाला गंधसरूच्या बदल्यात दरवर्षी गहू आणि तेल, ते कुणाच्या शेतातून जात असेल? मंदिराला सात वर्षं लागली आणि राजाच्या स्वतःच्या वाड्याला तेरा, आणि त्या वाड्याच्या एका दालनाला तर गंधसरूच्या खांबांमुळे लबानोन वनगृह असंच नाव पडलं. देवाच्या घरात गंधसरू आणि राजाच्या घरातही गंधसरू, मग गंधसरूचं प्रतीक कुठल्या दारात उभं करायचं? त्याच पुस्तकात पुढे असंही आहे की शलमोनाने इस्राएल लोकांना गुलाम केलं नाही, इतर जातींना केलं, आणि ही ओळ मी लपवणार नाही. पण तो मेल्यावर लोक त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे, काय घेऊन आले? तुझ्या बापाने आमच्यावर जड जू ठेवलं, ही तक्रार. आणि रहबामाने वेठबिगारीवरचा अधिकारी अदोराम याला पाठवलं तेव्हा लोकांनी त्याला दगडमार करून मारलं. दगड फोडून घेणाऱ्या खात्याचा माणूस दगडांनीच मेला.

हे सगळं मी माझ्या आजच्या विचारांतून त्या ग्रंथावर लादतोय का, असा आक्षेप येईल. शब्द बघा मग. निर्गमच्या पहिल्या अध्यायात फारोने इस्राएल लोकांवर जे मुकादम नेमले त्या वेठीला हिब्रूत मस म्हणतात, आणि शलमोनाच्या वेठीलाही तोच शब्द, मस. फारोसाठी बांधलेल्या कोठारांच्या नगरांना जो शब्द आहे तोच शलमोनाच्या कोठारनगरांना. हे लिहिणाऱ्याच्या कानाला ऐकू आलं नसेल? निर्गमचं पुस्तक सुरू होतं विटांनी, पेंढाही न देता रोजच्या ठरावीक विटा पाडायला लावणाऱ्या मुकादमांनी, आणि संपतं अशा बांधकामाने की ज्यात विटेचं नाव नाही, जिथे ज्याच्या मनात येईल त्यानेच आणायचं असं सांगितलंय आणि लोक इतकं आणतात की मोशेला छावणीत दवंडी द्यावी लागते, आता पुरे, आणू नका. गुलाम म्हणून विटा पाडलेल्या हातांनी पहिल्यांदा स्वतःच्या मनाने काहीतरी दिलं. संदेष्ट्यांनीही वस्तू अशाच वाचल्या. शलमोनाचा बाप दावीद राजा गंधसरूच्या घरात बसून देवासाठी तसंच घर बांधायचं म्हणतो तेव्हा नाथान संदेष्ट्यामार्फत देवाकडून उलट प्रश्न येतो, माझ्यासाठी गंधसरूचं घर का नाही बांधलं असं मी कधी कुणाला विचारलं होतं? आणि यिर्मया तर यहोयाकीम राजाला तोंडावर विचारतो की गंधसरूच्या चढाओढीने तू राजा ठरतोस का, शेजाऱ्याला फुकट राबवून घर बांधणाऱ्या तुझा धिक्कार असो. गंधसरू म्हणजे अमरत्व असं चार्टवर लिहिणाऱ्याने यिर्मयाचा २२वा अध्याय एकदा मोठ्याने वाचावा.

पुण्यात कॅम्पमध्ये लाल देऊळ आहे ना, ज्यूंचं, १८६७ साली पूर्ण झालेलं, लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं. त्याचं खरं नाव ओहेल दावीद, म्हणजे दाविदाचा तंबू. एवढं पक्कं बांधकाम आणि नाव तंबूचं. लहानपणी बसमधून बघायचो तेव्हा अर्थ माहीत नव्हता, आता तिथून जाताना तो एक शब्द मनात घोळतो.

आरशांचं सांगायचं राहिलं. अर्ध्या शेकेलच्या मोजणीत बायका नव्हत्या. पण याजकांनी हातपाय धुवायचं जे गंगाळ होतं ते दर्शनमंडपाच्या, म्हणजे याच निवासमंडपाच्या, दारापाशी सेवा करणाऱ्या बायकांच्या आरशांचं केलं असं निर्गमच्या ३८व्या अध्यायात एका ओळीत येतं. त्या काळचे आरसे काचेचे नव्हते, धातूची पाटी घासून घासून चकचकीत केलेली, रोज पुसावी लागणारी. अकराव्या शतकातला भाष्यकार राशी जुनी कथा सांगतो, की मोशेला ते आरसे नको होते, नटण्यामुरडण्याच्या वस्तू म्हणून. देव म्हणाला, घे, मला हे सगळ्यात प्रिय आहेत. मिसरात दिवसभर राबून मोडून आलेल्या नवऱ्यांना या बायका जेवण घेऊन जायच्या आणि आरशात दोघांचे चेहरे दाखवून त्यांना हसवायच्या, जवळ ओढायच्या, आणि त्यातूनच ही सगळी प्रजा जन्मली. चार्टवर गंगाळाच्या पितळेसमोर न्याय लिहिलेलं असतं. ती वाटी-पाटीएवढी धातूची चकती, जिच्यात एका थकलेल्या माणसाने बायकोशेजारी स्वतःचा चेहरा बघितला, ती वितळून त्या गंगाळात गेली आणि पुढे प्रत्येक याजकाने तिच्यातल्या पाण्याने हात धुऊनच आत पाऊल टाकलं. त्या इंजिनीअर मुलालाही मला हेच विचारायचंय, हे फक्त जवळ मिळालेलं पितळ होतं का?

आणि एक प्रसंग असा आहे की जिथे चार्टही चालत नाही आणि सोयही चालत नाही. इ.स.पू. १६७ मध्ये ग्रीक राजा अंतियोखसच्या माणसांनी यरुशलेमच्या वेदीवर परक्या देवाचे यज्ञ केले. तीन वर्षांनी त्याच्याविरुद्ध उठलेले ज्यू, म्हणजे मक्काबी, मंदिर परत जिंकून आत आले आणि त्या वेदीचं काय करायचं यावर अडले. दगड तर नियमाप्रमाणेच होते, लोखंड न लागलेले, पिढ्यान्‌पिढ्या देवासमोर राहिलेले, त्यामुळे फेकवेनात. पण त्यांच्यावर जे घडलं होतं त्यामुळे वापरवेनातही. शेवटी त्यांनी वेदी उतरवली, नवी वेदी अनघड दगडांची रचली, आणि जुने दगड, यांचं काय करायचं ते सांगणारा संदेष्टा येईपर्यंत म्हणून, जपून ठेवले. मिश्नात मंदिराच्या खोल्यांची वर्णनं आहेत त्यात तीही खोली आहे. ईशान्य कोपऱ्यातली.